वीतभर पाण्याचे स्थळ

ज्या शिडाच्या होडीला तरंगायला वीतभर पाणी पुरते, जिच्या पोटात दोन माणसे गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढू शकतात आणि जी सफर संपल्यावर बंदरात नांगरून न राहता मोटारीमागे जोडलेल्या दुचाकी गाड्यावर बसून मालकाच्या घरी परतते, तिला नौकानयनाच्या व्यवहारात ट्रेलर-सेलर असे नाव आहे. या होडीची आणि वसई तालुक्यातील उमेळे या गावाची पत्रिका जुळवून पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय. दोघांचे स्वभाव, कुळ आणि सवयी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की छत्तीसपैकी पस्तीस गुण सहज भरावेत. मात्र उरलेला एक गुण कोणता आणि तो एकटा पस्तिसांना कसा पुरून उरतो, हे विवेचनाच्या ओघात क्रमाने स्पष्ट होईल.

मराठीत स्थळ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक भूगोलाच्या पुस्तकातला आणि दुसरा लग्नाच्या बैठकीतला, आणि उमेळ्याच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी लागू पडतात. पश्चिम रेल्वेच्या नायगाव आणि वसई रोड या स्थानकांच्या पश्चिमेस, वसईच्या खाडीच्या उत्तर अंगाला असलेल्या या गावाच्या परिसरात वाड्या, विहिरी, मिठागरे आणि खाजणे आहेत. खाजण म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला चिखल होऊन वर येणारी जमीन, जिच्या मालकीविषयी समुद्र आणि महसूल खाते यांच्यात दिवसातून दोनदा मतभेद होतात. हा तंटा मिटावा म्हणून मातीचे बांध घालून खारे पाणी अडवण्याची, म्हणजेच खारबंदिस्तीची, पद्धत कोकणपट्टीत फार जुनी आहे, आणि बांधातल्या ज्या झडपेतून आतले पाणी ओहोटीला बाहेर पडते पण भरतीचे पाणी आत शिरू शकत नाही, तिला उघाडी म्हणतात. बाहेर जाणाऱ्याला आधी वाट द्यावी हे तत्त्व उघाडीला शतकानुशतके पाळता आले असले, तरी संध्याकाळी वसई रोड स्थानकावर लोकलच्या दारात उभ्या असलेल्या समाजाने ते अद्याप स्वीकारलेले नाही. प्रशासनाच्या दृष्टीनेही हा प्रदेश तितकाच तरता आहे: जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई तालुका ठाणे जिल्ह्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात गेला, तथापि उल्हास नदीचे पाणी पूर्वीप्रमाणेच कल्याण-ठाण्याच्या अंगाने येत राहिले, कारण जिल्हा विभाजनाची अधिसूचना त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

अशा मुलखात उभयचर राहण्याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. खाडीच्या चिखलात राहणारी निवटी ही मासळी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत ओहोटीच्या वेळी खुशाल बाहेर येते, छातीच्या परांचा कुबड्यांसारखा उपयोग करून सरपटते आणि डोक्याच्या अगदी माथ्यावर बसवलेल्या बटबटीत डोळ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे, जागेचा सातबारा आपल्याच नावावर असल्याच्या थाटात पाहते. ट्रेलर-सेलर ही मनुष्याने फायबरच्या साच्यातून काढलेली निवटीच होय, असे म्हटल्यास शास्त्राला विशेष बाध येणार नाही. फरक एवढाच की निवटीला चाके, विमा आणि रात्री मागे लावायचा तांबडा दिवा लागत नाही, आणि प्रयोग फसला तर निवटीचे निदान कालवण होते.

आता होडीच्या शरीररचनेकडे वळणे योग्य ठरेल. कोणत्याही जलयानाचा जितका भाग पाण्याखाली राहतो त्या खोलीला डुबाव म्हणतात, आणि जलयानाचे सारे चारित्र्य या एका आकड्यावर ठरते. जुन्या कोकणी जहाजांच्या तळाशी पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक अखंड वासा असे, ज्याला जहाजबांधणीचे सुतार पठाण म्हणत. आधुनिक शर्यतीच्या आणि दर्यावर्दी नौकांमध्ये याच जागी खाली खोलवर गेलेले एक जड, न हलणारे पाते असते, जे नौकेला उलटू देत नाही आणि वाऱ्याने बाजूला वाहूही देत नाही. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी म्हादेई ही अशा नौकांचे उत्तम उदाहरण होय. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा वाटेत कुठेही न थांबता पूर्ण केली. मात्र हीच म्हादेई उमेळ्याच्या खाजणात आणली, तर तिची प्रदक्षिणा पहिल्याच ओहोटीला आटोपेल आणि न थांबण्याचा विक्रम तर होडी वळवण्यापूर्वीच मोडेल.

उथळ पाण्याच्या होडीने या अडचणीवर काढलेला तोडगा मोठा व्यवहारी आहे. तिच्या तळाला मधोमध एक उभी चीर असते आणि तिच्यातून एक पाते दोरीने खालीवर करता येते, ज्याला सेंटरबोर्ड म्हणतात. वारा शिडावर बाजूने आदळतो तेव्हा होडीला पुढे जाण्यापेक्षा खेकड्याप्रमाणे आडवे सरकण्यातच अधिक रस असतो. पाते खाली सोडले की पाण्याचा अडसर निर्माण होऊन ही आडवी वृत्ती आवरली जाते आणि होडी वाऱ्याच्या रोखाकडेही नागमोडी वाटेने चढू शकते. पाणी आटले की पाते वर ओढावे, होडी पुन्हा खेकडा होते, परंतु किमान तरंगत राहते. तत्त्वांशी चिकटून बुडण्यापेक्षा ती प्रसंगी वर उचलून घ्यावीत, हा या होडीच्या रचनेतला विचार असून सार्वजनिक जीवनात त्याचा अवलंब कितीतरी आधीपासून होत असल्याने त्याचे श्रेय केवळ नौकारचनाकारांना देता येत नाही.

अशा होड्यांमध्ये इंग्लंडच्या जॉन वॉटकिन्सन या नौदलातून बाहेर पडलेल्या गृहस्थाने १९६० च्या दशकात आखलेली ड्रॅसकोम लगर विशेष प्रसिद्ध आहे. तिची लांबी पावणेएकोणीस फूट, वजन सुमारे ३४० किलो, डुबाव पाते वर असताना सुमारे दहा इंच आणि पाते खाली असताना चार फूट. वीत नऊ इंचांची धरल्यास हा डुबाव वीतभर आणि वर एक बोट इतका भरतो, म्हणजे गाव जितके पाणी रस्त्यावर पाहून पायजमा वर ओढते तितक्यात ही होडी सफरीला निघते. दुसरे नाव वेस्ट वाइट पॉटर या पंधरा फुटी होडीचे, जिच्या रचनाकाराने, स्टॅन्ली स्मिथ याने, त्याआधी १९४९ मध्ये आपल्या भावासह अवघ्या वीस फुटी होडीतून अटलांटिक महासागर ओलांडला होता. भावाभावांनी वीस फुटांच्या जागेत महासागर काढला आणि तरीही प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले नाही, ही गोष्ट नौकानयनाइतकीच कुटुंबशास्त्राच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

तळ उथळ असण्याचा खरा लाभ होडी चालताना नव्हे, अडकल्यावर समजतो. खोल पात्याची नौका चिखलात रुतली की पाणी ओसरताच कुशीवर कलंडते, आतली भांडी एका भिंतीला आणि माणसे त्या भांड्यांना लागतात. याउलट सपाट तळाची होडी ओहोटी झाली की चिखलावर मांडी घालून बसते आणि पुढची भरती येईपर्यंत सुमारे सहा तास तिथेच राहते. अशा प्रसंगी अडकणे हे क्रियापद वापरणे अशास्त्रीय असून विसावणे हे योग्य होय, असा या होड्यांच्या मालकांचा आग्रह असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर चार मीटरांच्या वर जाते आणि अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ते बरेच कमी होते; त्यामुळे विसावा किती काळ घ्यावा हे ठरवण्यासाठी घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे आणि जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पाश्चात्त्य नौकाविहारी ज्यासाठी तक्ते, उपकरणे आणि मासिक वर्गणी भरून उपग्रह वापरतो ते काम इथे पावकी, निमकी आणि पाऊणकी येणाऱ्या आजीला ओटीवर बसून करता येते. फक्त संकष्टीच्या दिवशी भरती तीनला आणि चंद्रोदय रात्री असल्याने आजीचे लक्ष दुसऱ्या वेळेकडे अधिक असण्याचा संभव असतो.

सोयरीक म्हटली की कुळाची चौकशी आली, आणि या बाबतीत वसईचा मुलूख होडीला कुठेही उणा पडत नाही. जवळच्या आगाशीची सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी ख्याती होती. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत खाडीच्या तोंडावर किल्ला उभा राहिला, परंतु खाडीचा तळ कोणाच्याही सत्तेला न जुमानता वरून येणाऱ्या गाळाने भरत राहिला. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथे जहाजे बांधायला आरंभ केला, तेव्हा त्या जहाजांना समुद्रावर जाण्याची एक वाट याच खाडीतून, पोर्तुगिजांच्या नाकासमोरून जात होती. मराठी आरमाराची मुख्य जहाजे म्हणजे गुराब, जे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज होते, आणि गलबत, जे त्याहून लहान, वल्ह्यांवरही चालणारे आणि चपळ असे. दोघांचाही डुबाव बेताचा असल्याने ती खाड्यांत शिरून अशा ठिकाणी जाऊन उभी राहत की पाठलागावर आलेल्या मोठ्या युरोपीय जहाजाला तोंडाशीच थांबून दुर्बिणीतून पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. उथळ पाण्याला खळखळाट फार असे म्हणणाऱ्यांनी या पाण्याने गाजवलेला पराक्रम ध्यानात घेतलेला दिसत नाही. खळखळाट वस्तुतः बाहेर खोल पाण्यात थांबलेल्या जहाजावर होत असावा.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात गुराबा फार मोठ्याही नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा काडीचा उपयोग नाही अशी अवजड जहाजे करण्यात अर्थ नाही, अशा आशयाचा उपदेश आहे. पुढे जाऊन त्यात पावसाळ्यात आरमार कुठे ठेवावे याचाही विचार केलेला आहे आणि दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये असे बजावलेले आहे. होडी बांधण्याइतकाच होडी ठेवण्याचा प्रश्न बिकट असतो, हे ज्या मुत्सद्द्याने तीनशे वर्षांपूर्वी ओळखले त्याची दूरदृष्टी विवेचनाच्या शेवटी पुन्हा आठवावी लागेल.

कुळानंतर घरातल्या माणसांचा, म्हणजे खलाशांचा, प्रश्न येतो. पंधरा-अठरा फुटी होडीच्या खोलीत उभे राहता येत नाही, ताठ बसता येईलच असे नाही आणि एकाने कूस बदलायची तर दुसऱ्याची संमती लागते. परदेशी पुस्तकांत या अवस्थेची सवय व्हावी म्हणून पुष्कळ सूचना दिलेल्या असतात. वसई-विरारच्या नागरिकाला त्यांतली एकही लागू होत नाही. तिघांच्या बाकावर चौथी सीट म्हणून जी चार बोटे जागा मिळते तिच्यावर एका मांडीने बसून, एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्याने डबा सांभाळून, चर्चगेटपर्यंत झोप काढण्याचे कौशल्य ज्याने कमावले आहे, त्याला या होडीची खोली दिवाणखान्यासारखी वाटेल आणि तो तिच्यात आणखी दोघांना सरकून घेण्याची सूचना केल्यावाचून राहणार नाही. होडीचा तोल सावरण्यासाठी माणसांनी वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून अंग बाहेर झोकायचे असते, ही क्रियाही दारातल्या दांड्याला धरून वाऱ्यावर लोंबकळणाऱ्यांना नव्याने शिकवावी लागत नाही. फक्त होडीत हे करणे कायदेशीर असते, आणि तेवढ्याने काहींचा उत्साह मावळण्याची भीती आहे.

सफरीचा मार्गही तयार आहे. वसईची खाडी आणि उल्हास नदी यांना कल्याण-ठाणे-मुंबई या जोडणीसह २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ हा दर्जा मिळालेला असून त्याची लांबी १४५ किलोमीटर आहे. त्या कायद्याने देशातल्या एकूण १११ जलमार्गांना राष्ट्रीय म्हटले, आणि त्यांतील या एका मार्गावर अद्याप टोलनाका नाही, ही गोष्ट मोठ्याने बोलण्यासारखी नव्हे. पश्चिमेकडे किल्ला बंदर आणि पाचूबंदरावरून समुद्र गाठता येतो. पूर्वेकडे, कल्याणच्या दिशेने, जायचे तर नायगाव आणि भाईंदर यांच्यामधले रेल्वेपूल आडवे येतात, ज्यांच्यामध्ये पाणजू बेट आहे आणि जिथल्या रहिवाशांना नायगावला येण्यासाठी होडीच लागते. पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी करावी लागते. या होड्यांमध्ये त्यासाठी काठीच्या बुंध्याशी बिजागरी असते आणि ती सैल केली की काठी मागे झुकून होडीवर निजते. सासरी उंबऱ्याशी मान लववून आत जावे तशी ही क्रिया दिसायला शालीन असली, तरी त्या वेळी शीड उतरलेले, हात दोरांत गुंतलेले आणि भरतीचा प्रवाह मागून ढकलणारा असल्याने खलाशांच्या तोंडची भाषा तितकी शालीन राहत नाही.

याच पुलाखाली नौकानयनातील एका अशा धोक्याचा सामना करावा लागतो ज्याची नोंद कोणत्याही पाश्चात्त्य ग्रंथात नसावी, आणि तो म्हणजे वरून येणारे निर्माल्य. धावत्या लोकलमधून खाडीला हात जोडून फुलांची पिशवी भिरकावण्याची प्रथा जुनी आहे. पिशवीत फुलेच असती तर प्रश्न नव्हता, परंतु भक्तीच्या भरात तिच्यात घटावरचा नारळही जातो, आणि ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या गाडीतून सुटलेला नारळ खाली पोचेपर्यंत त्याच्यातले मांगल्य संपून केवळ वेग उरलेला असतो. समुद्रकिनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मग होड्या पाण्यात लोटतात, हा विधी सर्वश्रुत आहे. पुलाखाली मात्र दर्याला दिलेला नारळ वाटेत होडीच स्वीकारते, आणि तोही बारा महिने.

इथवर पाहता सारे गुण जुळले. घोडे पेंड खाते ते पाण्यात नव्हे, जमिनीवर. ट्रेलर-सेलर या नावात ट्रेलर आधी आणि सेलर नंतर येते, हा केवळ यमकाचा भाग नसून या होडीच्या आयुष्याचे प्रमाण त्यात सांगितलेले आहे. ज्याने ट्रेलर जोडलेली मोटार मागे घेतलेली आहे त्याला ठाऊक असते की चालकाने चाक डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे वळतो, आणि हे ध्यानात येऊन चाक उजवीकडे फिरवेपर्यंत ट्रेलर आणि मोटार यांच्यात काटकोन होऊन दोघांची तोंडे रुसलेल्या जोडप्यासारखी दोन दिशांना झालेली असतात. धक्क्याचा उतार साधारण मोटारीच्या रुंदीचा, त्याच्या एका बाजूला वाळत घातलेली जाळी, दुसऱ्या बाजूला सुकत घातलेले बोंबील आणि मध्ये, ट्रेलर मागे घेण्याच्या शास्त्रात जन्मजात पारंगत असलेले किमान पाच सल्लागार, ज्यांतले तिघे डावीकडे आणि दोघे उजवीकडे हात दाखवत असतात. या परिस्थितीत होडी पाण्यात जाण्यास लागणारा वेळ आणि भरती टिकण्याचा वेळ यांची गाठ पडेल याची हमी पंचांगही देत नाही.

खाडी ओलांडण्यासाठी आता आणखी एक सोय झालेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्या दरम्यान रो-रो सेवा सुरू झाली, ज्यात मोटारी चालवतच जहाजावर चढतात आणि पलीकडे चालवतच उतरतात, आणि त्यामुळे तीस किलोमीटरांहून अधिक असलेला रस्त्याचा वळसा वाचतो. या सेवेमुळे ट्रेलर-सेलरच्या मालकापुढे एक तात्त्विक पेच उभा राहतो: त्याने मोटार, ट्रेलर आणि ट्रेलरवरची होडी यांसह रो-रोवर चढावे, तर जी खाडी ओलांडण्यासाठी होडी घेतली तीच खाडी होडी दुसऱ्या जहाजात बसून, तिकीट काढून ओलांडते, न चढावे, तर होडी पाण्यातून लवकर पलीकडे जाते आणि तिला घरी आणण्यासाठी लागणारा ट्रेलर घोडबंदरच्या वाहतूककोंडीत उभा राहतो.

कायद्याच्या नजरेने पाहता या होडीची कुंडली अधिकच गुंतागुंतीची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येप्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्याने चाकांचा संबंध परिवहन कार्यालयाशी येतो. बंदरे आणि खाड्या यांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे आणि देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक जहाजांसाठी २०२१ चा स्वतंत्र अधिनियम आहे. काठावरची तिवरे, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे, वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या देखरेखीखाली येतात आणि मिठागरांच्या जमिनीवर केंद्राच्या मीठ आयुक्तांची नजर असते. त्यामुळे धक्क्यावरून अर्धवट उतरलेल्या होडीची मागची बाजू सागरी मंडळाच्या, चाके परिवहन खात्याच्या, डावीकडची फांदी वन विभागाच्या आणि मालकाचा पाय ज्या चिखलात रुतलेला आहे तो चिखल बहुधा दिल्लीच्या अखत्यारीत असतो. अमेरिकेच्या वेब चाइल्स या नाविकाने १९७८ मध्ये उघड्या ड्रॅसकोम लगरमधून निघून पॅसिफिक महासागर ओलांडला, आणि पुढे सौदी अरेबियाच्या किनाऱ्याला लागल्यावर हेर समजून त्याला कोठडीत ठेवण्यात आले. एवढ्याशा होडीतून कोणी मासेही न मारता, मालही न वाहता, केवळ इच्छा झाली म्हणून येऊ शकतो हे जगातल्या कोणत्याच अधिकाऱ्याला पटत नाही. उमेळ्याच्या परिसरात तसा संशय येणार नाही. इथे फक्त किती मासे मिळाले असे विचारले जाईल, आणि एकही नाही असे उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटेल ती कोठडीहून अधिक असह्य ठरेल.

यानंतर छत्तिसाव्या गुणाकडे वळता येते, आणि तो गुण म्हणजे जागा. जुन्या उमेळ्यात घरासमोर अंगण, अंगणापलीकडे वाडी आणि वाडीच्या कडेला एखाद्या होडीला पुरेल इतकी सावली होती. त्या काळी ट्रेलर नव्हता. आता ट्रेलर मिळतो, तर अंगणाच्या जागी तळमजल्यावर खांबांच्या मधे पिवळ्या रेघांनी आखलेले चौकोन आलेले आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या नियमांत चारचाकी आणि दुचाकी अशा दोन जाती मानलेल्या असून ट्रेलरला चाके दोनच असल्याने त्याचे मासिक शुल्क दुचाकीचे भरावे, असा युक्तिवाद होडीचा मालक करू शकतो. समितीचे म्हणणे पडते की ज्या दुचाकीची लांबी पावणेएकोणीस फूट आहे आणि जिच्यात दोन माणसे झोपू शकतात तिला पाहुण्यांच्या वास्तव्याचे शुल्क लागू होते. या वादात वार्षिक सर्वसाधारण सभेचे तीन तास जातात, गळक्या टाकीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो, आणि शेवटी होडी वर्षातून एक महिना प्रत्येक खांबापाशी फिरती ठेवावी असा ठराव होतो, ज्यामुळे दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये हे अमात्यांचे सूत्र तीन शतकांनी, आणि तेही अजाणता, अमलात येते.

जूनच्या आरंभी मच्छीमारांवरची दोन महिन्यांची सरकारी बंदी सुरू होते, कोळीवाड्यांत होड्या वर ओढून झाकल्या जातात, आणि खांबापाशी उभी असलेली ही होडीही निळ्या ताडपत्रीखाली जाते. तिच्या आयुष्याचा लेखाजोखा या काळात मांडल्यास तो साधारणपणे असा निघतो: पाण्यावर दोन रविवार, रस्त्यावर चार, धक्क्यावर सल्लागारांच्या सहवासात तीन आणि उरलेले वर्ष पिवळ्या रेघांच्या आत. परंतु हिशेब इथे बंद करणे घाईचे होईल, कारण वसईचा पावसाळा अद्याप यायचा असतो. जुलै २०१८ मध्ये या भागात रुळांवर इतके पाणी चढले की लोकल थांबल्या, मिठागरांच्या वस्त्यांत माणसे अडकली आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी आपत्ती प्रतिसाद दलाला होड्या घेऊन यावे लागले. त्याहून बेताचे पाणी तर सखल गल्ल्यांना वर्षाआड भेटीला येतच असते. ट्रेलरची उंची दीड फूट आणि होडीचा डुबाव दहा इंच धरल्यास तळमजल्यावर सव्वादोन-अडीच फूट पाणी येताच जी क्रिया साधण्यासाठी धक्क्यावर पाच सल्लागारांना वर्षभर अपयश आले, ती कोणीही न सांगता आपोआप घडते: मोटारींच्या दारांतून पाणी आत शिरत असताना, दुचाक्या आडव्या होत असताना, ताडपत्रीखालची होडी ट्रेलरवरून अलगद उचलली जाते, खांबाला बांधलेल्या दोराएवढी पुढे सरकते आणि सबंध इमारतीत तरंगणारी एकमेव वस्तू म्हणून शेजारच्या चौकोनात जाऊन स्थिरावते. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरते, होडी जिथे असेल तिथे मांडी घालून बसते, आणि चौथ्या दिवशी समितीकडून मालकाला नेमून दिलेल्या जागेबाहेर वाहन उभे केल्याबद्दल नोटीस येते.